मोहीम छापील, शेवट आपला

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे मुलं मातीचा किल्ला करतात. दगड-विटांवर ओली माती थापायची, अळीव पेरायचे, तट-बुरूज काढायचे, वर महाराजांना बसवायचं आणि पायथ्यापासून मावळे मांडत जायचे. किल्ला पुरा झाला की मुलांचं काम संपतं. मावळे जागचे हलत नाहीत. समजा, त्याच वेळी कोणी मुलाला म्हणालं, ‘हा तिसऱ्या पायरीवरचा मावळा म्हणजे तू. रात्र झाली आहे, दरवाजा बंद आहे, आतून कुत्रं भुंकतंय. काय करतोस?’ तिथून जो खेळ सुरू होतो, त्याच्याविषयी मला बोलायचं आहे.

त्याला रोल प्लेइंग गेम म्हणतात. आम्ही घरात नुसतं ‘मोहीम’ म्हणतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, आपण काय करतो ते बाकीचे सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकतात. बहुधा वीस पैलूंचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि तिथून या प्रकाराची सुरुवात झाली. दोघेही मुळात खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळणारे. म्हणजे आपल्या मातीच्या किल्ल्याचे लांबचे नातेवाईकच म्हणायचे.

यात सगळा भार सूत्रधारावर. दर आठवड्याला नवी मोहीम कुठून आणायची? त्यासाठी छापील मोहिमा निघाल्या. बारीकशी पुस्तिका असते. तिच्यात नकाशा, नकाशातल्या दालनांना आकडे आणि प्रत्येक दालनात कोण आहे, काय आहे, याची माहिती. पुस्तिका फक्त सूत्रधाराने वाचायची. खेळणाऱ्यांनी ती आधी पाहिली तर मजा गेली.

लोणावळ्याच्या पावसात, जून ते सप्टेंबर, मुलांना घरात बसवून ठेवायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर इतक्या गाड्या असतात की इथल्या माणसाने घराबाहेर न पडलेलंच बरं. त्यामुळे बऱ्याच पुस्तिका आमच्या टेबलावर येऊन गेल्या. त्यांतली माझी सर्वांत लाडकी १९७९ची, गायगॅक्सचीच, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. सरहद्दीवरची गढी.

गोष्ट म्हणावी तर तिच्यात काहीच नाही. राज्याच्या हद्दीवर एक गढी आणि थोड्या अंतरावर एक घळ, घळीत अकरा गुहा. गुहांमध्ये वेगवेगळ्या टोळ्या. गढीत सराई आहे, पेढी आहे, देऊळ आहे, शिबंदी आहे. पण कोणालाही नाव दिलेलं नाही. नावं सूत्रधाराने द्यायची. मी ही गढी उचलून सरळ लोहगडावर नेली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकापाठोपाठ चार दरवाजे. वाट अशी वळत जाते की चढणारा माणूस सतत तटावरच्यांच्या माऱ्याखाली राहतो. आमच्याकडच्या मुलांना ती वाट पायांनीच पाठ आहे, वर्णन करावं लागलं नाही. (२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत लोहगड आहे.) गढीचे अधिकारी झाले हवालदार, सबनीस आणि सरनोबत. शिवकाळात गडाचा कारभार या तिघांत वाटलेला असे, एकाच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून. आणि गंमत पाहा, पुस्तिकेतल्या गढीतही एक फितूर आहेच. पाहुणा आलेला पुजारी शत्रूचा माणूस असतो.

गुहा मात्र मी भाज्याला नेल्या नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी जिथे वर्षावास केला, तिथे राक्षस बसवणं मनाला पटेना. पवनेच्या वरच्या अंगाला एक काल्पनिक घळ केली.

ही पुस्तिका मला का आवडते, ते पहिल्याच दिवशी कळलं. मळवलीहून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, ‘समोर विसापूरवर कोण आहे?’ पुस्तिकेत समोरचा डोंगर नाही. पण प्रश्न बिनतोड होता. १८१८मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड त्यांच्या हाती आला. मी त्या दिवशी विसापूर ओस ठेवला आणि पुढच्या आठवड्यात तिथे चौकी बसवली. पुस्तिकेचं काही बिघडलं नाही. टोळ्यांची आपसांतली भांडणं, पैसे मिळाले की गोब्लिनांच्या मदतीला धावणारा भाडोत्री दैत्य, अशा सगळ्या गाठी ती आधीच मारून ठेवते आणि कोणती सोडायची ते आपल्यावर सोपवते.

तिच्यात एक अवघड जागाही आहे. एका गुहेत शिरलं की पुढच्या दालनात त्या टोळीच्या बायका आणि मुलं असतात. मुलं लढत नाहीत, एवढं सांगून पुस्तिका गप्प बसते. आमच्या टेबलावर तिथे अर्धा तास फासा पडला नाही. एक मुलगी म्हणाली, यांना हात लावायचा नाही. दुसऱ्याने विचारलं, पण यांचेच बाप परवा गाव लुटून गेले त्याचं काय? शेवटी टोळीशी तह करायचा ठरला आणि मुलं लोहगडावर परतली. हवालदाराने तहाला साफ नकार दिला. हवालदार म्हणजे अर्थात मी. त्यानंतरचे तीन शनिवार टोळीशी लढण्याऐवजी हवालदाराचं मन वळवण्यात गेले.

याउलट ‘टूम ऑफ हॉरर्स’, तीही गायगॅक्सचीच. १९७५च्या एका संमेलनात स्पर्धेसाठी वापरलेली, १९७८ला छापलेली. खेळणाऱ्यांत तिचा फार बोलबाला. २००४ साली ‘डंजन’ मासिकाने तीस उत्तम मोहिमांची यादी केली तेव्हा ती तिसरी आली. एका थडग्यात सापळेच सापळे. भिंतीवर हिरव्या राक्षसाचा चेहरा, त्याच्या उघड्या तोंडात जो शिरला तो संपला. फासासुद्धा टाकायचा नाही. मोठ्या माणसांना कोडी सोडवायची हौस असेल तर ठीक. मुलांची पात्रं तासाभरात गेली, तर मुलं पुन्हा यायची नाहीत.

१९८४पासून निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेची अडचण वेगळी. तिच्या कादंबऱ्याही बरोबरच निघत होत्या, त्यामुळे कोण जगणार आणि कोण मरणार हे बरंचसं ठरलेलं. महत्त्वाचा खलनायक मध्येच मेला, तर त्याचं प्रेत सापडणार नाही अशी व्यवस्था करा, असा चक्क नियम आहे. मुलांच्या हे लगेच लक्षात येतं.

पण हसायचं तरी कसं? कारण मुलांनी माझ्याकडे कोंढाण्याची मोहीम मागितली होती. सगळ्यांना दोर लावून कडा चढायचा होता. त्यांतल्या धाकट्याने विचारलं, ‘आम्ही नीट खेळलो, तर तानाजी वाचेल ना?’ १६७०च्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री काय झालं ते त्याला पाठ होतं, तरी विचारलं. हो म्हणावं तर इतिहास मोडतो, नाही म्हणावं तर फासा कशाला टाकायचा? तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: किल्ला खरा चालेल, हुद्दे खरे चालतील, इतिहासातली माणसं नाहीत.

हा पेच चांगला सोडवला आहे तो ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने, ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये (१९८३). धुक्यात बुडालेला गढीवजा वाडा आणि त्यात रक्त पिणारा सरदार. खंडाळ्याच्या घाटातल्या जुलैच्या संध्याकाळी वेगळं वातावरण निर्माण करावं लागत नाही. सुरुवातीला पत्ते काढून भविष्य पाहतात. त्या पत्त्यांवरून ठरतं, सरदाराला मारण्याचं हत्यार कुठे आहे आणि या खेपेला त्याला नेमकं काय हवं आहे. वाडा तोच, माणूस तोच, पण पत्ते बदलले की मोहीम बदलते. सूत्रधारालासुद्धा आधी माहीत नसतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी २०१४ची ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ देतो. चौसष्ट पानांची पुस्तिका, पाच तयार पात्रं. बैलगाडीबरोबर जाताना वाटेत हल्ला होतो आणि माग काढत मुलं गोब्लिनांच्या गुहेशी पोचतात. गुहेतून ओढा वाहतो. वर बांध घालून अडवलेलं पाणी पहारेकरी अंगावर सोडतात. आत एक दुय्यम म्होरक्या आहे. त्याच्याकडे ओलीस आहे आणि तो म्हणतो, माझ्या सरदाराला मारा, मी याला सोडतो. त्याचा शब्द मानायचा की नाही, यावरून पहिल्याच दिवशी टेबलावर दोन तट पडतात. माझ्याकडे ही मोहीम चार वेळा झाली. एकदा मुलांनी सरदाराला मारलं, एकदा म्होरक्याला, एकदा पैसे देऊन ओलीस सोडवला. चौथ्या वेळी ते आत शिरलेच नाहीत. वरचा बांध फोडून सगळी गुहा धुऊन काढली आणि मग ओलीस आत होता हे त्यांच्या लक्षात आलं.