खेळ तीन, हिशेब एक

मुलांच्या हातातील व्हिडिओ गेमवर आपण पालक सरसकट बंदी घालतो, नाहीतर सरसकट दुर्लक्ष करतो. आम्ही अलीकडचे तीन खेळ पारखून पाहिले.

'बलात्रो' (२०२४) हा कॅनडातील एका माणसाने एकट्याने रचलेला खेळ. पडद्यावर पोकरचे पत्ते दिसतात, म्हणून युरोपातील 'पेगी' या संस्थेने त्यावर १८ वर्षांचा शिक्का मारला. पण यात पैसा लावताच येत नाही. लागते ती आकडेमोड. अखेर २०२५ मध्ये शिक्का १२ वर आला. दोष एकच : 'आणखी एक डाव' म्हणता म्हणता रात्र सरते.

'ईए स्पोर्ट्स एफसी २५' (२०२४) हा देखणा फुटबॉल. शिक्का अवघा ३ वर्षांचा! मात्र आत खऱ्या पैशाने बंद पाकिटे घेता येतात. कोणता खेळाडू निघेल, ते नशिबावर. आमच्या मते ही लॉटरीच.

'वेन्बा' (२०२३) ही कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची कथा. फाटक्या वहीवरून इडली, पुट्टू करताना मायभाषेपासून दुरावणारा मुलगा आपल्याला भेटतो. खेळ फार लवकर संपतो, एवढीच तक्रार.

पालकांनो, शिक्क्यावर विसंबू नका. मुलाशेजारी अर्धा तास बसा आणि विचारा : यात तुझी बुद्धी लागते, की आपला पगार?