खेड्यात बसून कर सल्लागार होता येते

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. व्यापारी मात्र या भागाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कापूस, ऊस आणि मोसंबी यांचा हा पट्टा. बागवान मोसंबीच्या बागा घेतो, पिंजारी गाद्या भरतो, मणियार बांगड्यांची पेटी घेऊन आठवडी बाजार करतो, वेल्डर ट्रॉल्या आणि दरवाजे बनवतो. या घरांतली मुले आता बी.कॉम. होऊ लागली आहेत. पदवी हाती आली की वडिलांना एकच रस्ता दिसतो: जालन्याच्या एखाद्या कारखान्यात लेखनिक, नाहीतर थेट पुणे.

आमच्या मते अशा मुलासाठी आणखी एक रस्ता आहे, आणि तो गावातूनच जातो. तो रस्ता म्हणजे कर सल्लागाराचा व्यवसाय. सल्लागार म्हटले की आपल्याला मोठे शहर आणि थंडगार कार्यालय आठवते. परंतु ज्या दुकानदाराने जीएसटीचा नंबर घेतला आहे, त्या प्रत्येकाचा कोणीतरी सल्लागार आहेच. तो बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो, आणि आपला माणूस वर्षातून दोनदा त्याचे तोंड पाहतो.

हा व्यवसाय नवा नाही. मुंबई विक्रीकर कायदा १ जानेवारी १९६० पासून लागू झाला. १ एप्रिल २००५ रोजी त्याच्या जागी व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी. विक्रीकराच्या काळात वकील व सनदी लेखापाल यांच्याबरोबर विक्रीकर व्यवसायी नावाचा एक वर्ग होता. दुकानाचा मुनीम वही लिहायचा आणि हा गृहस्थ ती वही घेऊन कार्यालयात उभा राहायचा. आज त्याच जागी जीएसटी प्रॅक्टिशनर आहे. कागद गेला, संगणक आला, एवढाच फरक.

पात्रता सोपी आहे, पण नीट पाहून घ्यावी. वाणिज्य, कायदा, बँकिंग, व्यवसाय प्रशासन किंवा व्यवसाय व्यवस्थापन यांपैकी विषयाची मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर पीसीटी-०१ हा अर्ज भरता येतो. नोंदणी झाल्यावर दोन वर्षांच्या आत परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ती केंद्र सरकारची सीमाशुल्क व अप्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी घेते. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, अडीच तास, आणि निम्मे गुण मिळाले की उत्तीर्ण. केवळ बी.ए. झालेल्या मुलाला या पदवीवर ही नोंदणी मिळत नाही. तो दुसऱ्याच्या हाताखाली काम करू शकतो, पण स्वतःच्या नावाची पाटी लावू शकत नाही. आणि पाटी लावणाऱ्यानेही 'सी.ए.' ही अक्षरे लिहिण्याचा मोह टाळावा. सनदी लेखापालाचे काम वेगळे, त्याची परीक्षा वेगळी.

पदवीनंतर लगेच दुकान मांडू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. दोन वर्षे तरी जालना, अंबड किंवा परतूर येथील एखाद्या जुन्या सल्लागाराकडे काढावीत. पगार थोडा मिळेल. बिलांचे गठ्ठे लावणे, ई-वे बिल काढणे, चलन तयार करणे अशी कामे वाट्याला येतील. याच कामांत धंदा शिकला जातो. एक उदाहरण देतो. गावातल्या हार्डवेअरवाल्याने जालन्याहून दोन लाखांची सळई आणली. १८ टक्के दराने ३६,००० रुपये कर त्याने बिलात दिला. विकणाऱ्याने आपले विवरणपत्र ११ तारखेपर्यंत भरले नाही, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या २-बी या तक्त्यात ते बिल दिसत नाही, आणि जे बिल तेथे दिसत नाही त्याची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही. म्हणजे ३६,००० रुपये तूर्त खिशातून. शिकाऊ मुलाने १४ तारखेला हा तक्ता उघडून, न दिसणाऱ्या बिलांची यादी करून, विकणाऱ्याला फोन केला, तर तो कनिष्ठ राहिला तरी मालकाला हवाहवासा होतो. पुढे हेच गिऱ्हाईक त्याला नावाने विचारू लागते.

नंबर घ्या, नंबर घेऊ नका

खरा सल्ला येथून सुरू होतो. पुष्कळांची समजूत अशी की सल्लागार म्हणजे विवरणपत्र भरणारा. विवरणपत्र भरायला यंत्र शिकवता येते. कोणाला नंबर लागतो आणि कोणाला लागत नाही, हे सांगायला धंदा कळावा लागतो.

फक्त मालाचा व्यापार करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी लागते. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची आहे. आपल्या वेल्डरने दरवाजे विकले आणि शिवाय ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची दुरुस्ती केली, तर त्याने ४० लाखांच्या भरवशावर राहू नये.

आता बागवान पाहा. ताज्या मोसंबीवर जीएसटी नाही. जो केवळ करमुक्त मालाचा व्यापार करतो त्याला, उलाढाल कोटीत गेली आणि माल दिल्लीला गेला तरी, नोंदणीची सक्ती नाही. अशा माणसाला धाक दाखवून नंबर घ्यायला लावणारे आणि मग दर महिन्याला शून्याचे विवरणपत्र भरून पैसे घेणारे लोक आहेत. जांबच्या मुलाने बागवानाला एवढेच सांगावे, "चाचा, तुम्हाला नंबराची गरज नाही. मालाचे साधे बिल मात्र ठेवत जा. आणि आयकर वेगळा आहे, तो विसरू नका." त्या दिवशी त्याला फी मिळणार नाही. पण फळबाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. आयकरातही एक बारकावा आहे. लहान व्यापाऱ्याला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून कर भरण्याची सवलत आहे. परंतु जो स्वतः माल न घेता केवळ आडतीवर काम करतो त्याला ही सवलत मिळत नाही. एकाच बाजारात शेजारी बसणाऱ्या दोघांचा हिशोब असा वेगळा निघतो.

मणियाराचे प्रकरण याहून फसवे. काचेच्या बांगड्या करमुक्त आहेत. म्हणून तो निर्धास्त असतो. पण समजा वर्षात ३० लाखांच्या बांगड्या आणि १२ लाखांच्या पर्स, पिना व नेलपॉलिश विकले. मर्यादा मोजताना करमुक्त मालही धरला जातो. बेरीज ४२ लाख झाली आणि नोंदणी लागू झाली. कर मात्र १२ लाखांच्या मालावरच.

कापसाचा व्यापारी हे या भागातले सर्वांत जोखमीचे गिऱ्हाईक. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून कापूस घेतला की त्यावरचा ५ टक्के कर शेतकऱ्याने नव्हे, व्यापाऱ्याने भरायचा असतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. समजा महिन्यात १० लाखांचा कापूस घेतला. ५०,००० रुपये रोख भरले. तोच कापूस जिनिंगला साडेदहा लाखांना विकला, त्यावर कर ५२,५००. आधी भरलेल्या ५०,००० ची वजावट मिळते, आणखी २,५०० भरावे लागतात. हिशोब चोख बसला. पण याच व्यापाऱ्याला कोणी 'सोपे पडेल' म्हणून कंपोझिशनमध्ये घातले तर काय होईल? शेतकऱ्याच्या मालावरचे ५ टक्के तरीही भरावेच लागतील, वजावट मिळणार नाही, गिऱ्हाइकाकडून कर वसूल करता येणार नाही, आणि वर विक्रीवर १ टक्का. कापसाच्या धंद्यात एवढा नफा असतो कुठे! तीच कंपोझिशन योजना किराणा दुकानदाराला मात्र सोयीची. दीड कोटीपर्यंत उलाढाल असली तर तिमाहीला एक चलन आणि वर्षाला एक विवरणपत्र. फक्त त्याने महाराष्ट्राबाहेर माल विकू नये आणि बिलात कर लावू नये.

मोबाइल कोणाचा?

आमच्या दृष्टीने या व्यवसायात यश आणि बदनामी यांच्यामध्ये एक लहानशी गोष्ट उभी आहे. नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ई-मेल कोणाचा दिला?

खेड्यात सर्रास सल्लागाराचाच दिला जातो. व्यापाऱ्याला ते सोयीचे वाटते, कटकट नाही. मग नोटीस सल्लागाराकडे जाते, ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्याकडे असतो. त्याने लक्ष दिले नाही, किंवा तो गाव सोडून गेला, तर व्यापाऱ्याला काहीच कळत नाही. सलग सहा महिने मासिक विवरणपत्र भरले नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. जिनिंगवाला गाडी उभी करून म्हणतो की तुमचा नंबर बंद आहे, तेव्हा शोध लागतो. रद्द झालेली नोंदणी परत मिळवण्याच्या अर्जाला आदेशापासून ९० दिवस मिळतात, आणि त्याआधी थकलेली सर्व विवरणपत्रे, दिवसाला ५० रुपयांप्रमाणे ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंतचे विलंब शुल्क आणि वार्षिक १८ टक्के दराचे व्याज भरावे लागते.

याहून वाईट म्हणजे कराची रोकड सल्लागाराच्या हाती देणे. व्यापारी पाकीट देतो, पावती मागत नाही, कारण "अपना बच्चा है". ती रक्कम भरली गेली नाही तर कायदा सल्लागाराला विचारत नाही. विवरणपत्र प्रॅक्टिशनरने भरले तरी त्यातील माहितीची जबाबदारी नोंदणीधारकाचीच राहते, असे कायद्यातच लिहिले आहे. म्हणून नव्या मुलाने पहिल्या दिवसापासून नियम करावा: मोबाइल दुकानदाराचा, चलन आपण काढायचे, पैसे त्याने स्वतःच्या खात्यातून किंवा बँकेत जाऊन भरायचे. १०,००० रुपयांपर्यंतचे चलन बँकेच्या खिडकीवर रोखीने भरता येते. भरलेल्या चलनाची छापील प्रत त्याच्या फाइलीत लावावी आणि आकडे त्याला वाचून दाखवावेत. नोटीस इंग्रजीत येते, वही मराठीत असते आणि घरी बोलणे दखनीत चालते. या तिन्ही भाषा जाणणारा गावचा मुलगा जे समजावून सांगेल, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयात कोणी सांगत नाही.

नव्या माणसाकडे आणखी एक गिऱ्हाईक हमखास येते. ते दुकान दाखवत नाही. दोन-तीन मजुरांची आधार व पॅन कार्डे आणते आणि म्हणते, यांच्या नावाने नंबर काढून द्या, फी म्हणाल ती. हा बोगस बिलांचा धंदा असतो. माल नसता नुसती बिले फाडून कराची वजावट विकली जाते. रक्कम पाच कोटींवर गेली तर गुन्हा अजामीनपात्र आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस त्या मजुराच्या दारी जातात, आणि मजुराला एकच नाव माहीत असते: अर्ज भरणाऱ्याचे. दुकान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाचाही अर्ज भरू नये.

फी किती घ्यावी, हे ज्याने त्याने ठरवावे. हिशोबासाठी समजा २५ दुकाने मिळाली आणि दुकानामागे महिना ६०० रुपये घेतले, तर १५,००० होतात. त्यात लॅपटॉप, प्रिंटर, इंटरनेट आले. भाडे घरच्या ओसरीमुळे वाचेल. परंतु खेड्यातला पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. कापसाचा दिवाळीनंतर येतो, उसाचा कारखाना देईल तेव्हा. म्हणून फी तिमाहीची ठरवावी, ती कागदावर लिहावी आणि सरकारी शुल्क व आपली मेहनत वेगवेगळी दाखवावी. उद्यम नोंदणी सरकार फुकट करून देते. ती भरून देण्याची मजुरी जरूर घ्यावी, पण "सरकारची फी" म्हणून घेऊ नये; उद्या त्याचा पुतण्या मोबाइलवर पाहून सांगेलच.

आणि तारखा पाळाव्यात. १८, २० आणि २२ या तारखा ईद पाहून पुढे सरकत नाहीत. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रेंगाळते आणि आपल्याकडची वीजही नेमकी तेव्हाच जाते. दोन दिवस आधी काम उरकणारा कनिष्ठ सल्लागार ज्येष्ठांच्या डोळ्यांत भरतो.

स्वतःचे काम सुरू करायचे असेल तर जानेवारीपासून हालचाल करावी. पुढच्या आर्थिक वर्षासाठी कंपोझिशन घ्यायची असेल तर तो पर्याय ३१ मार्चपर्यंत कळवावा लागतो. त्याआधी जांब, कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या बाजारांतल्या दुकानांत जाऊन प्रत्येकाची वर्षाची उलाढाल, मालाचे प्रकार आणि नोंदणीत दिलेला मोबाइल क्रमांक यांची एक वही तयार करावी.