कसारा लोकलमधलं कॉइन

खडवली म्हटलं की मुंबईकराला भातसा नदी आठवते आणि पावसाळी सहल. रोज सकाळी टिटवाळ्याच्या पुढच्या या स्टेशनावर लोकल पकडणाऱ्या विशीतल्या पोरांना मात्र गाडीतला वेळ आधी आठवतो. सीएसएमटी गाठायला दीड तासाहून जास्त. एवढ्या वेळात ॲप डाउनलोड होतं, पॅन कार्डाचा फोटो जातो आणि पहिलं कॉइन खिशात पडतं. संध्याकाळी परतताना खडवली येण्याआधीच त्याचा भावही पाहून होतो.

तरुण मुलं क्रिप्टोकडे का वळतात? घरोघरी या प्रश्नाचं एकच उत्तर मिळतं: हाव. मला ते पटत नाही. खरी कारणं जास्त मजेशीर आहेत.

शंभर रुपयांत प्रवेश

डिसेंबर 2024 मध्ये एका बिटकॉइनचा भाव 1 लाख डॉलरच्या वर गेला. मग महिना वीस हजार कमावणारा मुलगा ते घेतो कसा? तुकड्याने! एका बिटकॉइनचे 10 कोटी भाग होतात. सर्वांत लहान भागाला ‘सातोशी’ म्हणतात, बिटकॉइनच्या निर्मात्याने घेतलेल्या टोपणनावावरून. त्यामुळे अगदी शंभर रुपयांतही सुरुवात होते. आता हाच शंभराचा हिशोब जमिनीला लावून पाहा. नदीपलीकडे आमण्यापर्यंत जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तिथे शंभर रुपयांत गुंठा सोडा, सातबाऱ्याच्या चकरासुद्धा होत नाहीत. बापाच्या पिढीची गुंतवणूक म्हणजे जमीन, सोनं, एफडी. यातल्या प्रत्येकासाठी हातात बऱ्यापैकी रक्कम लागते. पोराकडे ती नसते.

रात्री अकरालाही बाजार उघडा

शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद. त्या वेळेत खडवलीचा मुलगा कामावर असतो. क्रिप्टोचा बाजार चोवीस तास चालतो, रविवारीही आणि दिवाळीतही. घरी परतून जेवण झाल्यावर ज्याला वेळ मिळतो, त्याला हाच बाजार सोयीचा वाटणार.

चार चाव्या

माणूस नवं तंत्रज्ञान का स्वीकारतो, यावर विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक सिद्धांत मांडला. त्यात चार गोष्टी मुख्य आहेत: याचा मला उपयोग किती, वापरायला सोपं किती, माझी माणसं काय म्हणतात आणि लागणारी साधनं हाताशी आहेत का. क्रिप्टोचं कुलूप या चारही चाव्यांनी उघडतं. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यांत जोरात फिरते ती तिसरी. भिशी आपण कशी लावतो? कागदपत्रं वाचून नव्हे, ओळखीच्या माणसाकडे बघून. कॉइनचंही तसंच. शेजारच्या सीटवरचा मित्र स्क्रीन दाखवतो, “बघ ना भावा, डबल झालं,” आणि निर्णय होतो.

मित्राच्या जागी तारा असला तर? डोजकॉइन डिसेंबर 2013 मध्ये चक्क गंमत म्हणून काढलं होतं, चिन्ह शिबा इनू जातीचा कुत्रा. पुढे इलॉन मस्क यांच्या एकेका ट्विटवर त्याचा भाव उड्या मारू लागला. आपल्याकडे 2021 च्या टी-20 विश्वचषकाच्या दिवसांत टीव्हीवर क्रिप्टो एक्स्चेंजच्या जाहिरातींचा पूर आला. शेवटी 1 एप्रिल 2022 पासून जाहिरात मानक परिषदेने ठळक इशारा बंधनकारक केला: यावर नियंत्रण नाही, धोका मोठा आहे, नुकसान झालं तर दाद मागायला जागा नसेल.

दार उघडं, दार बंद

आता चौथी चावी, साधनांची. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. तीनच आठवड्यांनी टाळेबंदी लागली आणि अख्खी तरुण पिढी मोबाइल हातात घेऊन घरी बसली. योगायोग केवढा मोठा! एप्रिल 2022 मध्ये उलटा धडा मिळाला: कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजने भारतात यूपीआयने पैसे भरायची सोय सुरू केली आणि काही दिवसांतच ती थांबवावी लागली. इच्छा कितीही असो, पैसे भरायची वाट बंद झाली की सगळं अडतं.

‘मुंबई’ नावाचं जाळं

हे वाचून डोंबिवलीच्या इंजिनिअर पोरांना आनंद होईल. 2017 मध्ये मुंबईत ‘मॅटिक’ नावाचा ब्लॉकचेनचा, म्हणजे नोंदींच्या साखळीचा, प्रकल्प सुरू झाला, तोच आजचा पॉलिगॉन. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ज्या चाचणी जाळ्यावर तपासत, त्याचं नावच ‘मुंबई’ होतं. 2024 मध्ये ते बंद झालं. 2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली भागात सुमारे 65,000 जातप्रमाणपत्रं पॉलिगॉनच्याच साखळीवर नोंदवायचा उपक्रम हाती घेतला गेला. कॉइनचा भाव पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने एकदा हेही पाहावं. नोंद खोडता येत नाही, हीच या तंत्राची खरी ताकद. नोकरीही त्यातच आहे.

जुन्या जखमा, नव्या जखमा

ठाणे जिल्ह्यातल्या तरुणांचा बँक-पेढ्यांवरचा विश्वास उगाच उडालेला नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. पुढच्याच महिन्यात डोंबिवलीत गुडविन ज्वेलर्सचं शटर खाली आलं आणि सोन्याच्या योजनेत हप्ते भरणाऱ्या कुटुंबांची झोप उडाली. आईबाबांना हे सोसताना पाहिलेला मुलगा मधला माणूस नको म्हणतो, ते समजण्यासारखं आहे.

पण मधला माणूस इथेही असतोच. पुण्यात गाजलेल्या ‘गेनबिटकॉइन’ने 18 महिने दरमहा 10 टक्के परताव्याचं आमिष दाखवलं होतं. 18 जुलै 2024 ला वझीरएक्स एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि ज्यांनी काहीच चूक केली नव्हती अशा ग्राहकांचे पैसे अडकले.

आणि कर? 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के. एका कॉइनमध्ये 10,000 कमावले, दुसऱ्यात 10,000 घालवले, म्हणजे हातात शून्य. तरीही हिशोब कमावलेल्या 10,000 वर, कारण तोटा वजा करता येत नाही. हे लोकलमधला मित्र सांगत नाही.

म्हणून पालकांनो, रागावण्याआधी मुलाला किंवा मुलीला ॲप उघडून दाखवायला सांगा. एक्स्चेंज सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेलं आहे का, ते दोघांनी मिळून तपासा. 2023 पासून ही नोंदणी सक्तीची आहे. आणि पोरांनो, फसलात तर घरी लपवू नका, त्याच क्षणी 1930 या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर फोन करा. पहिले काही तासच पैसे अडवायला कामाचे असतात.