मंगळवारच्या चौकटी

सकाळी ६.३०

चहा गाळत असतानाच फोनवर फोटो येतो. वहीचं पान, पट्टीनं आखलेल्या चौकटी, डावीकडे वेळा. सोमवारच्या रकान्यात ‘९.१० ला उठला’, ‘चहा’, ‘गोळी दिली’, मग दुपारभर ‘झोपून’, ‘झोपून’, ‘आंघोळ नाही’. खाली पेशंटच्या आईचा निरोप : ‘मॅडम, कालपन आळशीपनाच.’

मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबद्दल घरून सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द ‘वेडा’ नव्हे, ‘आळशी’. फोनवर उत्तर देत नाही. दुपारची फेरी त्याच गावात आहे.

सकाळी ९.१५

ओपीडीबाहेरचे बाक भरलेत. नवा केसपेपर : डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, वय वीस. सोबत वडील आणि मामा. मुलगा गप्प, बोलतो मामाच. तीन महिने कॉलेज बंद. खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलीत. मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो, शेजारचे त्यातून ऐकतात म्हणून. दोन अमावास्यांना उतारे झालेत. दंडाला काळा दोरा आहे, आमची नजर गेली तसे वडील त्यावर बाही ओढतात.

“असू द्या दोरा,” मी म्हणते. “त्याला गोळीचं वावडं नसतं.” इथे वाद घातला, तर ही माणसं पुढच्या तारखेला येत नाहीत.

डॉक्टर आधी झोप विचारतात. मग ताप, फिट, डोक्याला मार, गांजा, घरात कुणाला असं झालं होतं का. नसलेलं ऐकू येणं, नसलेल्या कटाची पक्की खात्री पटणं याला सायकोसिस म्हणतात, आणि ते तापासारखं असतं. ताप मलेरियाचाही असतो, टायफॉइडचाही. तसा सायकोसिस गांजानं होतो, उन्मादात होतो, खोल नैराश्यात होतो, कधी बाळंतपणानंतरच्या दिवसांत होतो. म्हणून पहिल्याच दिवशी शिक्का मारत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत स्किझोफ्रेनिया म्हणायला लक्षणं किमान महिनाभर हवीत, अमेरिकी निकषांत एकूण सहा महिने. औषध मात्र शिक्क्यासाठी थांबत नाही.

वडील हळूच विचारतात, “म्हंजे एका अंगात दोन माणसं, तसलं का?”

तसलं सिनेमात असतं. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ग्रीक शब्द जोडून हे नाव केलं : दुभंगणं आणि मन. त्यांना म्हणायचं होतं, की विचार, भावना आणि इच्छा यांचा आपसातला मेळ सुटतो. मराठीत ‘छिन्नमनस्कता’ झालं आणि लोकांनी त्यातून दोन माणसं काढली. वडिलांना मी एवढंच सांगते, “माणूस एकच. बैलजोडीतले बैल दोन दिशांना ओढतायत.” मामा मान डोलावतो.

सकाळी ११.००

इंजेक्शनची खोली. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट, कमरेत, दोन ते चार आठवड्यांनी एकदा. हे औषध तिळाच्या तेलात असतं. सिस्टर जाड सुईनं ओढून घेतात, तेव्हा ते पाण्यासारखं झरझर येत नाही, सिरिंजमध्ये संथ चढतं. वरचा बुडबुडा फुटायला वेळ लागतो. आत गेल्यावर स्नायूत त्याचा साठा होतो आणि औषध रोज थोडं थोडं रक्तात उतरतं.

रोजच्या गोळीवर घरात रोज भांडण होतं, कारण पेशंटला आपण आजारी आहोत हेच पटत नाही. तो हट्ट नसतो. आजारपण न ओळखणं हा त्या आजाराचाच भाग. इंजेक्शननं ते भांडण महिन्यातून एकदोनदावर येतं.

भाजीची गाडी लावणारे एक दादा चार वर्षं नेमानं येतात. तेलाचं त्यांना सिस्टरांनीच सांगितलंय. पँट सावरत म्हणतात, “सिस्टर, तीळ दिलेत. आता गोड बोला.”

सगळे हसतो, पण त्यात मोठी गोष्ट आहे. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना दिसलं, की इस्पितळातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पेशंट भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. पुढच्या अभ्यासांत कारण उलगडलं : सततची टोचणी, राग, आणि जीव गुदमरेल इतकी काळजी. घरच्यांमुळे आजार होतो असं नाही. पण बरा होत आलेला माणूस टोमण्यांनी पुन्हा खचू शकतो.

दुपारी १२.३०

क्लोझापिनवाल्यांचे रिपोर्ट. दोन औषधं हरल्यावर हे औषध येतं, आणि सोबत एक धोका आणतं. काही थोड्या जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. १९७५ साली फिनलंडमध्ये त्यातून मृत्यू झाले आणि अनेक देशांत औषध मागे पडलं. १९८८मध्ये जॉन केन यांच्या अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं, की इतर औषधांना न जुमानणाऱ्यांपैकी काहींना हे उठवतं. तेव्हा ते परत आलं, रक्ततपासणीच्या अटीवर. आमच्याकडे पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला.

डेअरीला दूध घालणारे एक बाबा मुलाचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणतात. फॅटची चिठ्ठी बघावी तसा कागद लांब धरतात. “आज किती लागल्या पांढऱ्या?” आकडा चांगला आहे. “घसा दुखला, ताप आला, तर तारखेची वाट बघायची नाही,” मी दर वेळचं वाक्य म्हणते. ते माझ्यासोबतच पुरं करतात.

दुपारी २.००

डबा, मग दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज. २०१६च्या कायद्यात मानसिक आजार आहे, पण सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. स्वतःची निगा, नातीगोती, बोलणं-समजणं, काम या चार गोष्टींवर गुण देतात. “हातपाय तर धड दिसतायत,” असं रांगेतलं कुणीतरी म्हणतंच.

दुपारी ३.४५

सकाळच्या फोटोतलं घर. त्याची आई, जिला मी मावशी म्हणते, शेंगा फोडतायत. मुलगा, वय चौतीस, ओट्यावर भिंतीला टेकून. थोरला भाऊ दारातूनच, “आयतं खातोय नुसतं.”

आवाज येतात का, विचारते. “आत्या येते,” तो म्हणतो. आत्या वारून नऊ वर्षं झाली. “दूध उतू चाललंय म्हणते. हल्ली कमी येते.” टान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्निया, घाना आणि चेन्नईतल्या पेशंटांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं होतं. चेन्नईत पुष्कळांना नात्यातल्या माणसांचे आवाज येत, घरकाम सांगणारे, रागावणारे. अमेरिकेत मारहाणीचे, युद्धाचे जास्त. आमच्या ओपीडीत मीही किती आत्या, आज्या आणि सासवा ऐकल्यात.

गोळीनं आत्या मागे सरली. पण गोळी माणसाला उठवून मोरीत पाठवत नाही. उत्साह आटणं, चेहरा कोरा होणं, शब्द तुटक होणं, यांवर आजची औषधं तोकडी पडतात. घर यालाच आळस म्हणतं.

वही मागून घेते. सगळं अक्षर मावशींचं. काय झालं नाही, ते तासातासाला नोंदलेलं. मी यांना दिनक्रम लिहायला सांगितला होता, त्यांनी पंचनामा केलाय. चूक माझीच, पेन मी त्यांच्याच हातात दिलं होतं.

“आजारी पडायच्या आधी हा काय बघायचा?” भावाला विचारते. तो जरा थांबतो. “मोटर. शेताची मोटर हाच बघायचा. पाण्याची वेळ कधी चुकवली नाही.”

नळाला पाणी पाचला येतं. नवं पान आखते. उद्याच्या रकान्यात एकच चौकट : ५.००, पाणी. बाकी कोरं. पेन त्याच्या हातात देते, तो ते नुसतं धरून ठेवतो. “आंघोळीचं?” मावशी विचारतात. “ते पुढच्या महिन्यात बघू, मावशी. आणि झालं नाही ते लिहायचं नाही.” गाडीवाला हॉर्न देतो, मी निघते.

रात्री ८.३०

फोटो. उद्याची वाट त्यानं पाहिलीच नाही, मंगळवारच्याच रकान्यात लिहिलंय. अक्षर वेगळं, मोठं, रेघेबाहेर गेलेलं : ‘पाणी. २ घागरी.’ दोनावर काट मारून शेजारी तीन.

खाली निरोप : ‘दोनच लिव्हल्या त्यानं. मी म्हनलं, तीन आनल्यास की.’