वाह-वाह पेडल : स्वर तोच, रंग नवा

जोगत्यांच्या चौंडक्याची तार ताणली की स्वरच वर चढतो. गिटारच्या वाह-वाह पेडलमध्ये मात्र स्वर जागचा हलत नाही, बदलतो तो त्याचा रंग. 'ऊ' म्हणता म्हणता तोंड उघडून 'आ'वर यावं तसा. पेडल पायाने दाबलं की आतला पोटेन्शिओमीटर फिरतो आणि साधारण ४५० ते २,००० हर्ट्‌झमधला एक अरुंद पट्टा उठून येतो. १९६६ मध्ये अमेरिकेत ब्रॅड प्लंकेट यांनी ॲम्प्लिफायरचं सर्किट ऑर्गनच्या पेडलला जोडलं, त्यातून हे यंत्र जन्मलं.

जुन्या पेडलची मोठी खोड म्हणजे बंद असतानाही त्याचं सर्किट गिटारला जोडलेलंच राहतं. पिकअपचा सिग्नल नाजूक. त्यावर भार पडला की आधी वरच्या पट्टीची चमक जाते. म्हणून माझ्या मते पहिला खर्च स्विचवर करावा. सर्किट दोन्ही टोकांनी तोडणारा स्विच बसवला की बंद पेडलमधून गिटारचा मूळ आवाज जसाच्या तसा पुढे जातो.

मग पेडलमधल्या इंडक्टरला (तारेच्या वेटोळ्याला) समांतर असलेला ३३ किलोओहमचा रेझिस्टर. तो काढून ४७ किंवा ६८ किलोओहमचा बसवला तर पट्टा आणखी अरुंद, टोकदार होतो आणि 'वाह' स्पष्ट बोलू लागतो. फार वाढवलात तर कानाला टोचतो. त्याच सर्किटमधला दीड किलोओहमचा रेझिस्टर थोडा वाढवला की मधला आवाज भरतो. एका वेळी एकच भाग बदला, बॅटरी काढून, आणि प्रत्येक बदलानंतर वाजवून ऐका.