केदार : वरचा आणि खालचा

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील एका निवृत्त सहकाऱ्यांनी मला विचारले, "मुख्याध्यापक, केदारच्या दारातून परत आलात, मग यात्रा झाली असे म्हणायचे की राहिली असे?" प्रश्न थट्टेत विचारलेला होता, पण ऐकून माझ्या सहधर्मचारिणीचा चेहरा उतरला. त्याचे उत्तर शोधताना मला केदारनाथाविषयी जे कळले, ते शिक्षकबंधूंच्या व भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम नावाविषयी. 'केदार' हा शब्द आपल्याला इतका परिचयाचा आहे की त्याच्या अर्थाकडे लक्षच जात नाही. संस्कृतात केदार म्हणजे बांध घातलेले, पाणी धरून ठेवणारे शेत, म्हणजे आपल्याकडचे भातखाचर. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला आपण केदारनाथ म्हणतो आणि हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराचे लिंग तर गुहेत पाण्यानेच वेढलेले आहे. हिमालयातील केदार मात्र ज्या सपाटीवर उभा आहे ती शेताची नव्हे. चोराबारी व तिच्या शेजारची हिमनदी यांनी आणून टाकलेल्या दगडमातीची ती सपाटी आहे. तिच्या एका अंगाने मंदाकिनी व दुसऱ्या अंगाने सरस्वती नावाचा ओढा वाहतो. ही भूमी हिमनद्यांनी केलेली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवल्यावाचून पुढचे काही नीट समजत नाही.

मी पहिल्यांदा तेथे गेलो तो 2011 च्या मे महिन्यात, एकटा. त्या वेळी गौरीकुंडापासून चौदा किलोमीटर चढाची वाट रामबाडा या वस्तीवरून जाई. तेथे चहा पिऊन मी दुपारी वर पोचलो. मंदिराचे मुख दक्षिणेकडे आहे. राखाडी रंगाच्या भल्यामोठ्या शिळांची ती वास्तू प्रथमदर्शनी देवळापेक्षा एखाद्या गढीसारखी वाटते. पुढे नंदी, सभामंडपात पांडव व द्रौपदी यांच्या मूर्ती आणि गाभाऱ्यात घडवलेले लिंग नसून त्रिकोणी आकाराचा नैसर्गिक खडक. कथा अशी की, भारतीय युद्धानंतर गोत्रहत्येच्या पापातून मुक्त होण्यासाठी पांडव शंकराला शोधीत आले, शंकराने बैलाचे रूप घेतले, आणि भीमाने त्याला धरताच तो भूमीत शिरू लागला. वर राहिले ते वशिंड येथे. बाहू तुंगनाथला, मुख रुद्रनाथला, नाभी मद्महेश्वरला आणि जटा कल्पेश्वरला प्रकटल्या, म्हणून हे पंचकेदार. यात्रेकरू त्या खडकाला स्वतः तूप चोळतो आणि मिठी मारतो. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला ही मोकळीक प्रथम बुचकळ्यात टाकते, आणि मग फार आवडते.

दोन वर्षांनी, 16 व 17 जून 2013 रोजी, काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. तरी त्याचा कार्यकारणभाव विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. मंदिराच्या वर सुमारे दोन किलोमीटरांवर चोराबारी ताल नावाचे तळे होते. 1948 मध्ये महात्माजींच्या अस्थींचा काही अंश तेथे विसर्जित झाला, म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणत. त्याला बांध होता तो हिमनदीने लोटून आणलेल्या सैल दगडगोट्यांचा. वितळणारे बर्फ आणि त्यावर कोसळलेला अतोनात पाऊस यांनी ते तुडुंब भरले आणि 17 तारखेच्या सकाळी बांध फुटला. नदीने पूर्वी सोडून दिलेल्या पात्रात घरे व धर्मशाळा उभ्या राहिल्या होत्या. पाणी आपल्या जुन्या वाटेने परत आले. रामबाडा नाहीसा झाला. मी ज्या धर्मशाळेत रात्र काढली होती तिचा दगडही उरला नाही. मंदिरामागील आद्य शंकराचार्यांचे समाधिस्थळ वाहून गेले. (तेथील शंकराचार्यांच्या नव्या मूर्तीचे अनावरण 2021 मध्ये झाले.) मंदिर तेवढे उभे राहिले. प्रवाहाबरोबर आलेली एक प्रचंड शिळा मंदिराच्या पाठीमागे अडकली व तिने लोंढा दुभंगला. तिला आता भीमशिला म्हणतात व तिचीही पूजा होते. ह्यास कोणी चमत्कार म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु उत्तराखंडात त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसे गेली, आणि चमत्काराची गोष्ट सांगताना ती संख्या ओठांवर येऊ नये हे मला बरे वाटत नाही.

आता दुसऱ्या यात्रेविषयी. 2023 च्या मे महिन्यात आम्ही उभयता निघालो. नवी वाट सुमारे सोळा किलोमीटरांची असून रामबाड्याच्या पुढे ती नदी ओलांडून लिंचोलीवरून जाते. गौरीकुंडाची उंची दोन हजार मीटरांच्या आतबाहेर, तर केदारनाथाची 3,583 मीटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांवर. केदारनाथला हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोनतृतीयांश भरतो, आणि तेवढ्या प्रमाणात प्रत्येक श्वासातला प्राणवायू कमी होतो. शरीर ह्या फरकाशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. आम्ही हृषीकेशाहून दोन दिवसांत थेट चढू लागलो होतो. लिंचोलीपाशी तिचे डोके असह्य दुखू लागले, ओकारी झाली आणि बसल्या जागीही धाप थांबेना. तेथील डॉक्टरांनी एकच औषध सांगितले : खाली उतरा. तिने हात जोडून म्हटले, "एवढे आले आहे, आता थोडेच राहिले." मी उतरण्याचा हट्ट धरला. त्या उतरणीवर आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही. गौरीकुंडाला तिला श्वास पुरू लागला, पण मन दुखावले ते दुखावलेच.

त्या रात्री मुक्कामाच्या जागेच्या वृद्ध मालकीणबाईंनी तिची समजूत घातली : "बेटी, तू वर जाऊ शकली नाहीस तर काय झाले? थंडीत बाबा स्वतःच खाली येतात."

ही नुसती समजूत नव्हे, ती व्यवस्था आहे. भाऊबिजेच्या दिवशी, म्हणजे यमद्वितीयेला, केदारनाथाची कवाडे बंद होतात. त्यापूर्वी लिंगाला भस्म व फुलांनी झाकून समाधिपूजा करतात. मग देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत घालून, खांद्यावरून, मुक्काम करीत करीत ऊखीमठास ओंकारेश्वराच्या मंदिरात आणतात, आणि हिवाळाभर पूजा तेथे चालते. कवाडे पुन्हा केव्हा उघडावयाची तो दिवस महाशिवरात्रीस ऊखीमठातच ठरतो. मग डोली गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करीत वर जाते. देवालाही एका दिवसात वर नेत नाहीत, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

नाताळच्या सुटीत आम्ही ऊखीमठास गेलो. उंची तेराशे मीटरांच्या आसपास, मोटार थेट गावात जाते, आणि गर्दी अशी नाहीच. केदारनाथाचे मुख्य आचार्य, ज्यांना रावळ म्हणतात, ते परंपरेने दक्षिणेकडील वीरशैव समाजातून येतात. वीरशैवांच्या पाच पीठांपैकी केदारपीठ हे ऊखीमठाचे. रावळ स्वतः पूजा करीत नाहीत, त्यांनी नेमलेले पुजारी करतात, आणि तेही वीरशैवच असतात. हे मी वाचून गेलो होतो. तरीही त्या पहाडी गावात, अंगणात ऊन खात बसलेल्या एका पुजाऱ्यांनी आमचे बोलणे ऐकून, "यावूर्री?" (कोणत्या गावचे?) म्हणून विचारले तेव्हा आम्ही चकितच झालो. बेळगाव म्हणताच त्यांनी आम्हाला बसावयास घोंगडी दिली. घरी मराठी आणि बाजारात कानडी हा आमचा नित्याचा व्यवहार. सीमाभागात ह्या दोन भाषांवरून किती कटुता साचली आहे ते ह्या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. पण तेथे, आमची कानडी ऐकून एक माणूस घरची आठवण निघाल्यासारखा बोलू लागला, आणि माझ्या सहधर्मचारिणीने, जी बेळगावात कानडी बोलणे शक्यतो टाळते, त्यांना अर्धा तास ज्वारीच्या भाकरीची आणि पिठाच्या भावाची चौकशी पुरवली.

दर्शन दोन मिनिटांत झाले. त्यानंतर ती गाभाऱ्यासमोर तासभर बसून राहिली. वरच्या रांगेत हे शक्य नव्हते. 2023 च्या एका हंगामात वर 19 लाखांहून अधिक यात्रेकरू गेले. सोनप्रयागपासून केदारनाथपर्यंत 12.9 किलोमीटरांचा दोरमार्ग बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2025 मध्ये मान्यता दिली आहे, आणि आठनऊ तासांची वाट 36 मिनिटांत आटोपेल असे सांगतात. गुडघे गेलेल्या वृद्धांच्या दृष्टीने हे चांगलेच. पण छत्तीस मिनिटांत साडेतीन हजार मीटरांवर पोचलेल्या वृद्धाची छाती त्या हवेशी कशी जुळवून घेईल, आणि हिमनदीच्या सैल मातीवरील ती सपाटी आणखी किती माणसांचा भार सोसेल, हे दोन प्रश्न माझ्या मनातून जात नाहीत. सहलीस वा यात्रेस मंडळी नेणाऱ्या शिक्षकांनी निदान गुप्तकाशीस दोन रात्री काढाव्यात आणि डोके दुखू लागताच उतरण्याची लाज बाळगू नये.

सहकाऱ्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. ते सौभाग्यवतींनीच दिले. चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवीत त्या म्हणाल्या, "भाऊ, आम्ही वर निघालो होतो, ते खाली आले. वाटेत भेट झाली."