गल्ला कोटींचा, प्रेक्षक किती?

२००८च्या नाताळात आलेल्या ‘गजनी’ने देशातल्या निव्वळ गल्ल्यात १०० कोटींचा टप्पा ओलांडला आणि हिंदी सिनेमाचं यश मोजायचं मापच बदललं. त्याआधी हिशेब आठवड्यांचा होता. २५ आठवडे चालला तर रौप्यमहोत्सव, ५० चालला तर सुवर्णमहोत्सव. १९४३चा ‘किस्मत’ कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकून होता. १५ ऑगस्ट १९७५ला लागलेल्या ‘शोले’बद्दल सुरुवातीला धंद्यात चिंतेचं वातावरण होतं, शेवट बदलण्याचाही विचार झाला. पण पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितलं, गर्दी वाढत गेली आणि मुंबईच्या मिनर्व्हात सिनेमा पाच वर्षं हलला नाही. आजच्या रीतीप्रमाणे पहिल्या सोमवारीच त्याचा निकाल लावला गेला असता. कोटींच्या आकड्यातून सिनेमाची लोकप्रियता कळत नाही, तिकिटाची किंमत मात्र कळते, आणि या गफलतीची किंमत सिनेमाच मोजतो आहे, असं माझं ठाम मत आहे.

साधा हिशेब करून पाहू. तिकिटामागे सरासरी २५० रुपये धरले, तर १०० कोटींसाठी ४० लाख तिकिटं पुरतात. सरासरी २५ रुपये असेल, तर त्याच रकमेला चार कोटी तिकिटं लागतात. आकडा तोच, पण प्रेक्षक दहापट. त्यात ‘ग्रॉस’मध्ये कर धरलेला असतो, ‘नेट’मधून तो वजा होतो आणि नेटमधून चित्रगृहाचा वाटा गेल्यावर उरतो तो वितरकाचा ‘शेअर’. २००९च्या उन्हाळ्यात निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संघर्ष चालला, नवे हिंदी सिनेमे लागेनासे झाले, तो याच वाट्यावरून. तडजोडीत वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के ठरले. म्हणजे सिनेमा जितका जुना होईल तितका वितरकाचा वाटा कमी. मग शुक्रवार ते रविवार हजारो पडद्यांवर एकदम धडक मारायची, जाहिरातींवर उधळायचं, ही रीत पडली यात नवल काय? तोंडी प्रसिद्धीवर हळूहळू चढणाऱ्या सिनेमाला या व्यवस्थेत जागाच उरत नाही.

यावर आक्षेप येतो की, धंदा पैशांवर चालतो, डोकी मोजून निर्मात्याचं कर्ज फिटत नाही. मुद्दा रास्त आहे. पण तसं असेल तर नफा मोजावा. खर्च न सांगता नुसता गल्ला मिरवण्याने तोही कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आठवड्यांचं मापही निर्मळ नव्हतं. ज्युबिलीची पाटी लागावी म्हणून रिकाम्या चित्रगृहात सिनेमा रेटला जाई. मुंबईच्या मराठा मंदिर चित्रगृहात ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हजारांहून अधिक आठवडे चालला तोही मुख्यतः एका सकाळच्या, स्वस्त तिकिटाच्या खेळावर. म्हणून मला आठवडेही नकोत, विकलेली तिकिटं हवीत. फ्रान्समध्ये सिनेमाचं यश प्रेक्षकसंख्येतच सांगतात. आपल्याकडेही बहुतेक तिकिटं आता संगणकावरून निघतात, तेव्हा मोजणी अवघड नाही. अडचण आहे ती इच्छेची.

प्रेक्षक कमी का, असं विचारलं की लोक मोबाइलवर सिनेमे पाहतात, म्हणून चित्रगृहात येत नाहीत, हे तिसरं उत्तर ठरलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. २३ सप्टेंबर २०२२ला, राष्ट्रीय सिनेमा दिनी, मल्टिप्लेक्सनी तिकीट ७५ रुपयांवर आणलं. पडदे तेच, खुर्च्या त्याच, ‘ब्रह्मास्त्र’ तर तिसऱ्या आठवड्यात उतरणीला लागलेला. त्या एका दिवसात ६५ लाख लोक आल्याचं मल्टिप्लेक्सचालकांच्या संघटनेनेच जाहीर केलं. हा प्रेक्षक मोबाइल सोडून आला होता, कुटुंबाला घेऊन आला होता. शनिवारी दर पुन्हा वर गेले.